ओले लाकूड, कोरा नकाशा
पाणथळ प्रदेशातील प्रागैतिहासिक स्थळे आणि भूभौतिक सर्वेक्षण : एक चिकित्सा

युरोपातील ज्या प्रागैतिहासिक पाणथळ स्थळांची नावे पुरातत्त्वाच्या पाठ्यपुस्तकांत हमखास येतात, त्यांच्या शोधाच्या हकिकती एकापुढे एक ठेवून वाचाव्यात. १८५३-५४ च्या हिवाळ्यात झुरिक सरोवराचे पाणी नेहमीपेक्षा फार खाली गेले आणि ओबरमायलेन येथे चिखलात रोवलेले खांब उघडे पडले. त्यावरून फर्डिनांड केलर यांनी सरोवरातील वस्त्यांची कल्पना मांडली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस यॉर्कशरमध्ये जॉन मूर या स्थानिक हौशी संशोधकाला शेतातल्या चरात गारगोटीची हत्यारे दिसली, आणि स्टार कार जगापुढे आले. १९७० मध्ये सॉमरसेटच्या सखल प्रदेशात पीट काढण्याचे काम करणाऱ्या रे स्वीट यांना एक फळी लागली. ती जवळजवळ सहा हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी पायवाटेची होती आणि आज ती वाट त्यांच्याच नावाने, ‘स्वीट ट्रॅक’ म्हणून, ओळखली जाते. १९८२ मध्ये पीटरबरोजवळ पाण्याचा निचरा करणाऱ्या चराच्या काठावर फ्रान्सिस प्रायर यांना लाकडे दिसली. ते फ्लॅग फेन. तेथून जवळच, विटांसाठी माती काढणाऱ्या खाणीच्या कडेला १९९९ मध्ये खांबांची टोके दिसली. ते मस्ट फार्म.

यांपैकी एकही स्थळ यंत्राने शोधलेले नाही. कोठे पाणी हटले, कोठे फावडे लागले, कोठे चर खणला गेला. म्हणजे ज्या ओलाव्याने हा ठेवा हजारो वर्षे सांभाळला, तो ओलावा मोडल्याशिवाय ठेव्याचा पत्ता लागला नाही. पाणथळ पुरातत्त्वाची ही मूळची अडचण आहे. जमीन न उकरता जमिनीखालचे पाहण्याची विद्या, म्हणजेच भूभौतिक सर्वेक्षण, या अडचणीवर उपाय ठरेल अशी आशा गेली कित्येक दशके बाळगली जाते आहे. ती कितपत फळाला आली आणि जेथे आली नाही तेथे दोष विद्येचा की आपण तिला विचारलेल्या प्रश्नांचा, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

लाकूड टिकते म्हणजे काय

आपल्याकडच्या वाचकाला या स्थळांचे मोल कळण्यासाठी एक तुलना उपयोगी पडेल. घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घरे सापडली. पण त्या घरांचे लाकूड सापडले नाही; सापडल्या त्या खांबांच्या खळग्या. मातीच्या रंगातील फरकावरून येथे खांब होता, येथे कुडाची भिंत होती असे अनुमान आपले संशोधक मोठ्या कौशल्याने करतात. लाकूड मात्र कुजून गेलेले असते. दख्खनच्या कोरड्या-ओल्या ऋतुचक्रात दुसरे काही होणे शक्यही नव्हते.

पीट ही याच्या उलट बाजूची गोष्ट. दलदलीत उगवलेल्या वनस्पती मेल्या की पाण्याखाली जातात, तेथे हवा पोहोचत नाही, कुजवणारे जीव काम करू शकत नाहीत आणि अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वर चढत राहतो. त्यात पडलेले लाकूड, दोर, साल, परागकण, बिया असे सारे टिकते. स्वीट ट्रॅकच्या फळ्यांवरील कुऱ्हाडीचे घाव वाचता येतात. त्यांची वृक्षवलये मोजून ती झाडे इ.स.पू. ३८०७ च्या हिवाळ्यात किंवा ३८०६ च्या वसंतात तोडली असे ठरवता आले. नवाश्मयुगातील एका बांधकामाचा हंगाम सांगता यावा, ही कोरड्या जमिनीवर कल्पनेबाहेरची गोष्ट आहे. त्या वाटेच्या कडेला आल्प्स पर्वतातून आलेल्या जेडाइट दगडाची न वापरलेली कुऱ्हाड मिळाली. वाट सुमारे दोन किलोमीटर लांब होती आणि ती जेमतेम दहा वर्षे वापरात असावी असे मानले जाते.

असा ठेवा जमिनीखाली आणखी किती आहे, कोठे आहे, आणि तो अजून ओला आहे का, हे तीन प्रश्न आहेत. माझा या लेखातील मुद्दा असा की भूभौतिक सर्वेक्षणाकडून आपण आजवर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चुकीच्या रीतीने मागत आलो आणि तिसरा प्रश्न तर पुरेसा विचारलाच नाही.

यंत्रे गप्प का बसतात

मी काही वर्षे दख्खनच्या पठारावर चुंबकमापी घेऊन फिरलो आहे. तेथे अडचण असते ती गोंगाटाची. काळा बेसाल्ट खडक मुळातच चुंबकीय. त्याचे धोंडे जमिनीत विखुरलेले. त्यामुळे चुलीची खूण कोणती आणि धोंड्याची कोणती हे निवडताना नाकी नऊ येतात. पीटच्या प्रदेशातील सर्वेक्षणांचे अहवाल वाचताना अडचण नेमकी उलटी दिसते. तेथे यंत्र बोलतच नाही.

याची कारणे तीन, आणि तिन्ही समजून घेण्याजोगी आहेत. पहिले चुंबकाचे. कोरड्या स्थळावर चुली, खड्डे, चर चुंबकमापीवर दिसतात, कारण आगीमुळे आणि मातीतील जिवाणूंमुळे लोहाच्या ऑक्साइडांचे रूप बदलते व ती माती आसपासच्या मातीपेक्षा अधिक चुंबकीय होते. पाण्याने गच्च भरलेल्या, हवा नसलेल्या मातीत हेच ऑक्साइड विरघळून जातात. उलट काही वेळा अशा गाळात ग्रेगाइट नावाचे लोह-गंधकाचे चुंबकीय खनिज आपोआप तयार होते आणि जेथे माणसाने काहीच केलेले नाही तेथे खूण उमटते. शिवाय खोली. लहान वस्तूचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने घटते. यंत्रापासून अर्ध्या मीटरवर असलेली वस्तू दोन मीटरवर गेली की तिचा प्रभाव चौसष्टावा भाग उरतो. पीटचा थर वर्षाला एक मिलिमीटर चढत असेल, तर चार हजार वर्षांत किती खोली झाली हे वाचकाने स्वतःच मोजावे.

दुसरे कारण विजेचे. जमिनीत वीज सोडून तिला होणारा विरोध मोजण्याची पद्धत दगडी भिंत शोधायला उत्तम, कारण भिंत कोरडी आणि भोवतालची माती ओली असते. पीटमध्ये लाकूडही ओले आणि पीटही ओले. हजारो वर्षे पाण्यात राहिलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या कित्येक पट पाणी असू शकते. विजेच्या दृष्टीने ती फळी म्हणजे पाण्यात बुडालेले पाणी.

तिसरे रडारचे, आणि इथे आकडे बोलके आहेत. जमिनीत सोडलेली रडारलहर जेथे दोन पदार्थांचे विद्युत् गुण बदलतात तेथून परावर्तित होते. ओल्या पीटमध्ये ती एका नॅनोसेकंदाला सुमारे चार सेंटिमीटर, म्हणजे हवेतल्या वेगाच्या सातव्या-आठव्या हिश्शाने जाते. २०० मेगाहर्ट्झचा अँटेना वापरला तर तरंगलांबी वीस सेंटिमीटर येते, आणि उभ्या दिशेने तिच्या चौथ्या भागाइतका, म्हणजे पाच सेंटिमीटरचा, भेद ओळखता येतो. स्वीट ट्रॅकच्या फळ्या रुंदीला चाळीस सेंटिमीटरपर्यंत आणि जाडीला पाच सेंटिमीटरहून कमी. दोन मीटर खोलीवर या रडारची नजर जवळजवळ अर्धा मीटर त्रिज्येच्या डागावर पसरलेली असते. म्हणजे संपूर्ण फळी एका डागात मावते आणि तिची जाडी यंत्राच्या क्षमतेच्या कडेवर असते. वर पुन्हा फळी आणि पीट यांच्यातील फरक अत्यल्प. पीटच्या तळाशी वाळू असेल तर ती लहरीचा ठळक हिस्सा परत पाठवते, कारण वाळूत पाणी बरेच कमी असते. ओली फळी मात्र नाममात्र हिस्सा परत पाठवते.

या तीन कारणांवरून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. पीटमधील एकेकटी लाकडी वस्तू शोधणे ही भूभौतिकीची सर्वांत दुबळी बाजू आहे, आणि पीटच्या थराखालचा जुना तळ, जुना काठ, जुनी बेटे शोधणे ही तिची, निदान रडारची, सर्वांत बळकट बाजू आहे. एकाच यंत्राचे हे दोन चेहरे. आता आपण या यंत्राकडून काय मागितले ते पाहू.

मार्गदर्शिकेचा सावध सूर

इंग्लिश हेरिटेज या संस्थेने भूभौतिक सर्वेक्षणाविषयी मार्गदर्शिका काढली. तिची दुसरी आवृत्ती २००८ ची आहे. या क्षेत्रात तिचे वजन मोठे आहे आणि ते योग्यच आहे, कारण ती कामाची, नेमकी आणि अतिशयोक्तीपासून दूर आहे. पाणथळ जागांबाबत तिचा सूर सावध आहे. थोडक्यात सांगायचे तर लाकडी वाटा, खांबांवरच्या वस्त्या अशी सेंद्रिय बांधकामे या पद्धतींना सहसा सापडत नाहीत, फार अपेक्षा ठेवू नयेत, रडारने पीटच्या थरांची ढोबळ रचना मात्र कळू शकते.

यातील एकही विधान खोटे नाही. माझा आक्षेप विधानांच्या क्रमाला आहे. ‘वस्तू सापडत नाही’ हे मुख्य वाक्य झाले आणि ‘थरांची रचना कळते’ ही पुरवणी झाली. वाचणाऱ्याच्या मनात उरते ते पहिले. ज्याला पाणथळ जागेचे सर्वेक्षण करायचे आहे तो एक तर ते करतच नाही, किंवा कोरड्या शेतावर जे करतो तेच, म्हणजे चुंबकमापी घेऊन ओळीने चालणे, तेथेही करतो, कारण निविदेत तेवढेच लिहिलेले असते.

याचे परिणाम केवळ अभ्यासापुरते राहत नाहीत. इंग्लंडमध्ये १९९० च्या नियोजनविषयक मार्गदर्शनानंतर बांधकामाला परवानगी देण्याआधी त्या जागेचे पुरातत्त्वीय मूल्यमापन मागण्याची पद्धत रूढ झाली. भूभौतिक सर्वेक्षण हे त्यातले स्वस्त आणि पहिले पाऊल. त्याच्या नकाशावर खुणा दिसल्या तर तेथे चाचणी-चर घेतले जातात. नकाशा कोरा आला तर? कोरड्या खडूच्या जमिनीवर कोरा नकाशा हा बऱ्यापैकी भरवशाचा पुरावा असतो. पीटवर तो कसलाच पुरावा नसतो. पण कागदावर दोन्ही कोरे नकाशे सारखेच दिसतात. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांतला फरक ओळखावा अशी अपेक्षा करायची, तर तो फरक अहवालाने पहिल्याच पानावर सांगितला पाहिजे. ‘येथे काही आढळले नाही’ आणि ‘येथे असते तरी या यंत्राला आढळले नसते’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. दुसरे वाक्य लिहायला सर्वेक्षकाला संकोच वाटतो, कारण मग पैसे कशाचे घेतले हा प्रश्न येतो. हा संकोच मला समजतो. पण त्याची किंमत जमिनीखालच्या लाकडाने का मोजावी?

उलट टोकाचा उत्साह

सावधपणाची ही एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूला उत्साह आहे आणि त्याचीही चिकित्सा झाली पाहिजे. रडारची यंत्रे आता चारचाकी गाडीला जोडता येतात, शेकडो समांतर रेषांतून त्रिमितीय चित्र तयार होते, त्याला सुंदर रंग देता येतात. अशा चित्रात एखादी सरळ रेषा दिसली की तिला ‘संभाव्य लाकडी वाट’ असे नाव देण्याचा मोह आवरत नाही.

पीटमध्ये लाकडाची वाण नाही. दलदल वाढताना बुडालेली मोठमोठी ओकची आणि पाइनची झाडे तेथे आडवी पडलेली असतात. रडारला लाकूड दिसले असे क्षणभर मानले, तरी ते तोडलेले लाकूड आहे की पडलेले, हे रडार सांगू शकत नाही. ते सांगतो कुऱ्हाडीचा घाव, आणि घाव पाहायला डोळाच लागतो. म्हणून कोणत्याही पाणथळ सर्वेक्षणात ऑगरने काढलेले गाळाचे नमुने हा परिशिष्टाचा भाग नसून पुराव्याचा निम्मा भाग असतो. ज्या अहवालात रंगीत चित्रे पुष्कळ आणि ऑगरची छिद्रे थोडी, तो मी संशयाने वाचतो.

या संदर्भात जर्मनीतील एका प्रयत्नाचा उल्लेख आदराने केला पाहिजे. वेलर, बाउएरोख्से आणि नॉर्डसिएक यांनी २००६ मध्ये ‘जर्नल ऑफ वेटलँड आर्किऑलॉजी’त मांडलेली पद्धत रडारची नाही. जमिनीत निरनिराळ्या वारंवारतेची वीज सोडायची आणि तिला किती विरोध होतो एवढेच न पाहता, प्रतिसाद किती मागे पडतो तेही मोजायचे. ओल्या लाकडाचा विरोध पीटसारखा असला तरी त्याची पेशींची रचना वीज क्षणभर धरून ठेवते आणि सोडते. ही लकब पीटपेक्षा वेगळी असते. या पद्धतीने दलदलीतील फळ्यांच्या वाटेचा माग लागू शकतो असे त्यांनी दाखवले. मला या कामात आवडते ते असे की इथे प्रश्न लाकडाच्या स्वभावावरून ठरवला गेला. यंत्र हाताशी आहे म्हणून प्रश्न विचारला गेला नाही. मर्यादा उघड आहे. इलेक्ट्रोड रोवत, एकेक रेषा मोजत जायचे हे काम अतिशय संथ आहे आणि मोठ्या प्रदेशावर ते परवडणारे नाही. आधी कोठे पाहायचे हे ठाऊक असेल तेव्हाच या पद्धतीचा उपयोग. आणि कोठे पाहायचे, हेच तर कळत नाही!

काठ शोधणे

त्याचे उत्तर मला उत्तर जर्मनीतील डुव्हेनझे येथील कामात दिसते. डुव्हेनझे ही आज दलदल आहे. मध्याश्मयुगात ते सरोवर होते. त्याच्या काठावर शिकारी-संकलक लोक येऊन राहत, हेझेलची फळे भाजत, सालीच्या चटयांवर बसत. १९२० च्या दशकापासून तेथे उत्खनने झाली आहेत. एरिका कोराडिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘द होलोसीन’ या नियतकालिकात तेथील रडार-सर्वेक्षण मांडले. त्यात एकेक चूल किंवा चटई शोधण्याचा हट्ट नाही. पीट कोठे संपते, त्याखालचा सरोवराचा गाळ कोठे सुरू होतो, त्याखाली वाळू कोठे वर येते, हे थर रडारने ओळखायचे, ऑगरच्या नमुन्यांशी पडताळायचे आणि त्यावरून बुजलेल्या सरोवराचा आकार उभा करायचा, असा त्यांचा मार्ग आहे. वाळूचे उंचवटे म्हणजे त्या काळची बेटे. माणसे राहिली ती तेथे.

या कामाचे महत्त्व मला असे वाटते. मार्गदर्शिकेने जी पुरवणी मानली होती ती येथे मुख्य वाक्य झाली. शिकारी-संकलक माणूस सरोवराच्या मधोमध राहत नव्हता. तो पाणी आणि जमीन यांच्या सीमेवर राहत होता. सरोवर भरत गेले तशी ती सीमा सरकत गेली आणि माणसेही सरकत गेली. म्हणून काठ सापडला की माणूस कोठे शोधायचा हे कळते. लाकूड रडारला दिसत नसेल, पण लाकूड जेथे असण्याचा संभव आहे ती जागा दिसते. पाणथळ जागेत भूभौतिकीचे खरे काम मला हेच वाटते.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. काठ तर ऑगरनेही सापडतो. स्टार कारच्या भोवतालच्या, आता नाहीशा झालेल्या फ्लिक्सटन सरोवराचा काठ गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत संशोधकांनी प्रामुख्याने ऑगर आणि चाचणी-खड्डे यांच्या साह्यानेच रेखाटला आणि तो उत्तम रेखाटला. मग रडार कशाला? त्याचे उत्तर असे की दोन छिद्रांमधील जमीन ऑगर अंदाजाने भरून काढतो, आणि काही मीटर रुंदीची लहानशी वाळूची टेकडी त्या अंदाजात सहज हरवते. रडार छिद्रांना जोडणारी रेषा देते, तर ऑगर त्या रेषेला अर्थ देतो. दोघांपैकी एकावर विसंबलेला नकाशा अपुरा राहणारच.

आणखी एक मर्यादा लेखात ठळकपणे यायला हवी. डुव्हेनझेत जे जमले ते सर्वत्र जमणार नाही. पावसाच्या पाण्यावर वाढलेल्या पीटमध्ये क्षार कमी असल्याने रडार कित्येक मीटर खोल जाते. चिकणमातीचा थर वर असेल तर तेच रडार वरच्या वर विरून जाते. पूर्व इंग्लंडच्या फेन प्रदेशात आणि सॉमरसेटच्या काही भागांत अशी माती आहे. आपल्या कोकणातील खाड्या आणि गोव्यातील खाजण जमिनी यांचा खारा चिखल तर रडारला जवळपास बंद दरवाजाच. म्हणून हे लेख वाचून उद्या कोणी आपल्याकडच्या खाजणात रडार फिरवून ‘काही नाही’ असा अहवाल दिला, तर तो कोरा नकाशा पीटवरच्या कोऱ्या नकाशापेक्षाही निरर्थक असेल. पद्धत उसनी घेता येते, पण तिच्यावरचा भरवसा मात्र त्या-त्या मातीवर नव्याने मिळवावा लागतो.

स्टार कारचा धडा

आता तिसरा प्रश्न. ठेवा अजून ओला आहे का?

केंब्रिजच्या ग्रॅहम क्लार्क यांनी १९४९ ते १९५१ या काळात स्टार कार येथे उत्खनन केले आणि १९५४ मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध केले. लाल हरणाच्या कवटी-शिंगांपासून बनवलेली, डोक्यावर बांधण्याजोगी एकवीस शिरोभूषणे, शिंगाची दातेरी टोके, हाडे, लाकूड अशा वस्तूंनी मध्याश्मयुगाची कल्पनाच पालटली. निकी मिल्नर, शँटल कॉनेलर आणि बॅरी टेलर यांनी २००४ ते २०१५ या काळात तेथे पुन्हा काम केले. त्याचे दोन खंड २०१८ मध्ये निघाले आणि ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात. क्लार्क यांनी खणलेला भाग एका बऱ्याच मोठ्या स्थळाचा तुकडा होता. तेथे लाकडी फलाटांची बांधकामे होती, घर होते, आणि इ.स.पू. ९३०० च्या सुमारापासून सुमारे आठशे वर्षे माणसे तेथे येत-राहत होती, हे या कामाने दाखवले.

पण त्या खंडांतील मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग वैभवाचा नाही. क्लार्क यांच्या वेळी जी हाडे घट्ट निघाली होती, तशीच हाडे नव्या उत्खननात काही ठिकाणी मऊ, लिबलिबीत निघाली. त्यांतील खनिज विरघळून गेले होते. लाकूड चेपून चपटे झाले होते. शेतीसाठी केलेल्या निचऱ्याने पाण्याची पातळी खाली गेली, पीटमध्ये हवा शिरली, त्यातील गंधकयुक्त खनिजांचे गंधकाम्ल झाले. मातीची आम्लता काही ठिकाणी पीएच तीनच्याही खाली गेली. दहा हजार वर्षांहून अधिक काळ टिकलेले हाड एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात संपत चालले होते. उत्खननाच्या व्याप्तीला हीच निकड कारण होती. संशोधकांनी हे लपवले नाही, आकड्यांसह मांडले, हा त्या अहवालाचा मोठेपणा आहे.

तरीही एक प्रश्न मनात राहतो. हे आपल्याला खणल्यावरच का कळावे? जमिनीतील ओलावा बदलला की तिची विद्युत रोधकता बदलते; आम्लामुळे क्षार वाढले तरी बदलते. म्हणजे ज्या पद्धतीला ओली फळी दिसत नाही, तिला ओलाव्याचा बदल दिसू शकतो. एकाच रेषेवर कायमचे इलेक्ट्रोड ठेवून दर ऋतूत, वर्षानुवर्षे मोजमाप घेत राहिले तर पाणी कोठून उतरते आहे याचा इशारा आधी मिळू शकतो. अर्थात केवळ रोधकतेवरून पाणी घटले की आम्ल वाढले हे ठरत नाही. पाण्याची पातळी मोजणाऱ्या नळ्या आणि मातीची रासायनिक तपासणी सोबत हवीच. पण धरणाच्या भिंतीची किंवा दरडीच्या उताराची अशी देखरेख अभियंते करतात, आणि पुरातत्त्वात सर्वेक्षण अजूनही बहुधा एकदाच, उत्खननाच्या आधी, उरकायची गोष्ट मानली जाते. स्वीट ट्रॅकचा सुमारे पाचशे मीटरचा भाग शॅपविक हीथच्या राखीव क्षेत्रात पंपाने पाणी सोडून ओला ठेवण्यात आला. हे पाणी फळीपर्यंत पोहोचते का, हा प्रश्न दरवर्षी नव्याने विचारण्याचा आहे. एकदा उत्तर मिळाले म्हणून तो सुटत नाही.

मागणी काय असावी

या विवेचनातून पाणथळ सर्वेक्षणाच्या अहवालाकडून मी चार गोष्टी मागतो. या मातीत, या खोलीवर, या यंत्राला काय दिसू शकत नाही हे त्याने निष्कर्षाच्या आधी सांगावे. ऑगरच्या नमुन्यांशिवाय एकाही रेषेला नाव देऊ नये. कोरा आलेला नकाशाही प्रसिद्ध करावा, कारण कोणत्या मातीत कोणती पद्धत गप्प बसते हे कळायला दुसरा मार्ग नाही. आणि वस्तूपेक्षा काठाला, व शोधापेक्षा देखरेखीला अग्रक्रम द्यावा.

यातील शेवटची मागणी सर्वांत अवघड आहे, कारण देखरेखीत बातमी नसते. ‘यंदाही ओलावा टिकून आहे’ असे सांगणाऱ्या अहवालाला वृत्तपत्रात जागा मिळत नाही आणि संशोधन-निधीही सहज मिळत नाही. शिंगाच्या शिरोभूषणाला दोन्ही मिळतात. पण ते शिरोभूषण दहा हजार वर्षे टिकले ते त्याभोवतीच्या ओलाव्यामुळे. लेखाच्या आरंभी सांगितलेली सारी स्थळे आपल्याला ती मोडता-मोडता सापडली. पुढची स्थळे तशी सापडू नयेत असे वाटत असेल, तर सर्वेक्षकाने वस्तूसाठी डोळे ताणण्यापेक्षा पाण्याचा हिशेब ठेवायला शिकले पाहिजे. वस्तू त्या हिशेबातच सुरक्षित आहे.